सीटखालची वेल्डिंग

गाडीत बाहेरून आणलेली सीट बसवताना लोक कापड आणि फोम बघतात. मला काळजी वाटते ती खालच्या रेल्सची. अनेक गाड्यांत बेल्टचं बकल थेट सीटला लावलेलं असतं. म्हणजे धडकेत सीटच्या वजनासोबत माणसाचा भारही रेल्समधूनच फ्लोअरकडे जातो. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर ७० किलोच्या माणसाचा झटका सरासरी सुमारे १,४०० किलो भरतो. अमेरिकेच्या नियमानुसार सीटचं अँकरेज सीटच्या वजनाच्या वीसपट ओढ सहन करणारं लागतं. सीटला जोडलेल्या बेल्टचा भार त्याखेरीज.

म्हणून रेल्सच्या सांध्यांची वेल्डिंग तपासा. चांगली वेल्डिंग दोन्ही पत्र्यांत मुरलेली असते, कडा सलग उतरतात. रेघ फुगीर होऊन पत्र्यावर नुसती बसलेली दिसली, की आत धातू एकजीव झालेला नाही असं समजा. कडेला खाच असेल तर भेग तिथूनच सुरू होते. बारीक छिद्रं बहुधा गंज, तेल किंवा जस्ताच्या थरावरच वेल्डिंग मारल्यामुळे पडतात. ग्राइंडरने गुळगुळीत केलेला, वर जाड पावडर कोटिंग चढवलेला सांधा मी तरी घेणार नाही. त्यात दोषही झाकले जातात आणि जाडीही कमी होते.

नुसत्या नजरेवर मात्र विसंबू नका. विक्रेत्याकडे तुमच्याच मॉडेलसाठी केलेल्या लोड टेस्टचा अहवाल मागा. नसेल तर कंपनीचीच रेल ठेवा, आणि तुटलेली रेल नाक्यावर वेल्ड न करता बदलूनच घ्या.