गल्लीतला दवाखाना कोण तपासतो?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्णांचे प्राण गेले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली होती. रुग्णालयांच्या सुरक्षेची तपासणी हा विषय या दुर्घटनांनंतर सर्वांच्या तोंडी आला आणि तो यायलाच हवा होता. परंतु आजारी पडलेला नाशिककर पहिल्यांदा मोठ्या रुग्णालयाची पायरी चढत नाही. सिडको असो, सातपूर असो वा पंचवटी, ताप-खोकला झाला की तो कोपऱ्यावरच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यातच जातो. त्या दवाखान्याची तपासणी कोण करते?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर काहीसे अस्वस्थ करणारे आहे. महाराष्ट्रात रुग्णालयांची नोंदणी १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार होते आणि शहरात हे काम महानगरपालिकेकडे असते. मात्र हा कायदा रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. केवळ तपासून औषध देणारा, खाटा नसलेला दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही. केंद्राने २०१० मध्ये केलेल्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात एकट्या डॉक्टरचा दवाखानाही धरला आहे. पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आतल्या खोलीत दोन खाटा टाकून सलाईन लावणारे दवाखाने आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना दवाखाना म्हणावे की शुश्रूषागृह, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये २०१३ पासून घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांनाही एका स्वतंत्र आयोगाकडे नोंदणी करावी लागते. आयोगाचे निरीक्षक दवाखान्यात जाऊन पाहणी करतात, ‘उत्कृष्ट’ ते ‘अपुरा’ अशा चार श्रेणींपैकी एक देतात आणि ती श्रेणी रुग्णांना दिसेल अशी लावणे बंधनकारक असते. आपल्याकडे ‘एनएबीएच’चे मानांकन आहे, पण ते ऐच्छिक. सरकारी आरोग्यकेंद्रांसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ ही स्वच्छतेची स्पर्धात्मक योजना आहे, पण खासगी दवाखाना तिच्या बाहेर राहतो. म्हणून निरीक्षकाचे थोडे काम रुग्णानेच अंगावर घेणे भाग आहे.

सुरुवात भिंतीपासून करावी. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र व पावती यांवर लिहावा, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे नियम सांगतात. ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगवेगळ्या आहेत. डॉक्टरांची नोंद कोणत्या परिषदेकडे आहे, हे कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे. हे विचारण्यात अविश्वास नाही. ज्यांची नोंद चोख असते, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट: सुई. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा येथे ‘हिपॅटायटिस बी’ची साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. वापरलेल्या सुया आणि सिरिंज पुन्हा वापरणे हे तिचे कारण असल्याचे पुढे आले. अशुद्ध पाणी नव्हे, डास नव्हे; आजार पसरला तो उपचाराच्या टेबलावरून. म्हणून इंजेक्शन घेताना नवी सुई आणि सिरिंज आपल्यादेखत पाकिटातून निघाली का, हे पाहावे. केवळ सुई बदलून तीच सिरिंज दुसऱ्या रुग्णासाठी वापरणेही तितकेच घातक आहे, कारण रक्ताचा अंश सिरिंजमध्ये शिरू शकतो. एकाच कुपीतून अनेकांना औषध द्यायचे असेल, तर प्रत्येक वेळी सुई आणि सिरिंज दोन्ही नव्या हव्यात.

आणि मुळात इंजेक्शन हवे होते का? ‘सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही’ ही आपलीच समजूत आहे आणि डॉक्टरांवर तिचे दडपण येते. साध्या सर्दी-तापाला बहुधा गोळी पुरते. इंजेक्शन टळले की त्याच्याबरोबरचा धोकाही टळतो.

वापरलेली सुई कुठे जाते, तेही पाहण्यासारखे आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम मात्र लहान दवाखान्यालाही लागू आहेत. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. सुया आणि धारदार वस्तू न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुईविना सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या डब्यात. हे सारे एकाच बादलीत पडत असेल, तर त्याची झळ पहिल्यांदा घंटागाडीवरच्या कामगाराला बसते.

लहान मुलांचे लसीकरण दवाखान्यात होत असेल, तर फ्रीजविषयी विचारावे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. फ्रीजमध्ये तापमापक असावा, त्याची नोंद दररोज व्हावी आणि लसींच्या शेजारी कोणाचा जेवणाचा डबा नसावा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात वीज गेली, तर लसींची काय सोय आहे, हा प्रश्न विचारायला संकोच नको. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवणाऱ्या डॉक्टरांवर घाईत असलेले पालक रागावतात. वास्तविक क्वचित उद्भवणारी तीव्र ॲलर्जी ओळखण्यासाठीच तो वेळ असतो. अशा वेळी लागणारे ॲड्रेनॅलिन हाताशी आहे का आणि १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे, हे दवाखान्यातील मदतनिसालाही ठाऊक असले पाहिजे.

काही खटकले, तर आधी डॉक्टरांशीच शांतपणे बोलावे. अनेकदा तेवढ्याने सुधारणा होते. न झाल्यास कचऱ्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार त्यांच्या परिषदेकडे आणि बोगस डॉक्टरचा संशय असल्यास महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्यावी. तक्रारीपूर्वी आपली कागदपत्रे मागून घ्यावीत. २००२च्या त्याच नियमांनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ती द्यावी लागतात. मागणीच्या अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला मात्र विसरू नये.