खरपूस पावाचा गहू कोणता?

आनेकल तालुक्यात गहू पिकत नाही. बेंगळुरूच्या दक्षिणेस, तामिळनाडूच्या सीमेलगत असलेल्या या तालुक्यातील तांबड्या कोरडवाहू जमिनीत खरिपात नाचणी पेरली जाते आणि तिच्यात अवरे, म्हणजे वालाचे आंतरपीक घेतले जाते. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले या बाजूंना शेतांच्या जागी आता कारखाने आणि निवासी संकुले उभी आहेत. कामानिमित्त येथे स्थिरावलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांचा गहू अर्थातच दुकानातून येतो. त्याचे नाव विचारले, तर ‘लोकवन’ असे उत्तर मिळते. चपातीसाठी एवढी माहिती पुरते. घरी यीस्टचा, खरपूस कवचाचा पाव भाजण्याचा नाद लागला, तेव्हा मात्र ती अपुरी असल्याचे ध्यानात आले.

सुरुवातीचे चार पाव भाकरीहून थोडेसेच उंच झाले. यीस्ट बदलून पाहिले, पाण्याचे प्रमाण बदलले, भट्टीला दोष दिला. पाचव्या खेपेस त्याच कृतीने पाव चांगला टपोरा फुगला. मागे वळून पाहता त्या दिवशी एकच गोष्ट निराळी होती: गव्हाचे नवे पोते उघडले होते.

पाव फुगतो तो कणकेतील ग्लुटेनमुळे. गव्हाच्या पिठात ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळताच ती एकत्र येऊन जाळे विणतात. ग्लियाडिनमुळे हे जाळे ताणले जाते, तर ग्लुटेनिनमुळे ताणलेले जाळे पुन्हा आवळून येते. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड या जाळ्यात अडकतो. जाळे दुबळे असेल, तर वायू निसटतो आणि पाव बसतो. चपातीला ताणली जाणारी मऊ कणीक हवी असते, बिस्किटाला कमी प्रथिनांचा मऊ दाणा चालतो. पावाला मात्र प्रथिने भरपूर लागतात, आणि ती ताकदवान असावी लागतात. हा गुण आनुवंशिक आहे. ज्या वाणांत ग्लुटेनिनचे ‘5+10’ हे उपएकक असते, त्यांची कणीक सामान्यतः ‘2+12’ असलेल्या वाणांपेक्षा बळकट होते. प्रथिनांचे एकूण प्रमाण मात्र शेतावरही ठरते. नत्राचा काही भाग फुलोऱ्याच्या सुमारास मिळाला, तर दाण्यातील प्रथिने वाढतात. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात दाणे भरताना तापमान चढते, स्टार्च कमी साठतो आणि प्रथिनांचा वाटा तुलनेने वाढतो. म्हणजे उत्पादनाच्या दृष्टीने जी आपली अडचण, ती पावाच्या दृष्टीने काही अंशी सोय ठरू शकते.

अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत गव्हाच्या वाणांना चपाती, पाव आणि बिस्किट यांसाठी स्वतंत्र गुण दिले जातात, हे फारच थोड्या गृहिणींना ठाऊक असेल. निफाडच्या संशोधन केंद्राचे ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ आणि ‘नेत्रावती’, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा सुमारे 14 टक्के प्रथिने असलेला ‘एमएसीएस 6478’, या साऱ्यांची ओळख संशोधकाला असते, बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यालाही असते. बाजार समितीच्या ढिगात ती संपते. ‘लोकवन’ हे नावच पाहावे. गुजरातमधील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने विकसित केलेल्या ‘लोक-1’ या वाणाचे ते लोकरूप. आज त्या नावाखाली दिसायला तसाच असलेला कोणताही गहू विकला जातो. दाणा टपोरा आणि चकचकीत असला की भाव मिळतो. आतल्या प्रथिनाला कोणी विचारत नाही. मग शहरातला हौशी भाजणारा परदेशी ‘ब्रेड फ्लोअर’ चढ्या दराने मागवतो आणि त्याच गुणाचा आपला गहू चपातीच्या भावात जातो. प्रस्तुत लेखकाला हा व्यवहार खटकतो. पोत्यावर वाणाचे नाव आणि प्रथिनांचा अंक छापणे एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला अवघड नसावे.

तोपर्यंत घरच्या घरी एक परीक्षा करता येते. पीठ मलमलीच्या कापडातून चाळून कोंडा काढावा. 25 ग्रॅम चाळलेल्या पिठात सुमारे 15 मिलिलिटर पाणी घालून गोळा मळावा आणि अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावा. नंतर वाटीभर पाण्यात तो हलक्या हाताने चोळावा. पाणी दुधाळ होईल, ते बदलत राहावे. पाणी नितळ येऊ लागले की हातात पिवळसर, रबरासारखा ओला ग्लुटेन उरतो. तो पिळून तोलावा. 7 ते 8 ग्रॅम भरला, तर प्रमाण पावास पुरेसे आहे. त्यानंतर तो दोन्ही हातांनी ताणून पाहावा. चटकन तुटणारा किंवा ओघळणारा ग्लुटेन वजनाने भरला, तरी पावात दगा देतो. आमच्याकडे तीन दुकानांतून आणलेल्या तीन ‘लोकवनां’चे ग्लुटेन तीन तऱ्हांचे निघाले.

चक्कीच्या पिठाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. दगडी जात्याच्या दाबाने स्टार्चचे कण फुटतात आणि फुटलेले कण पाणी अधिक शोषतात. चपाती मऊ राहते ती त्यामुळेच. पावात मात्र त्या स्टार्चची लवकर साखर होते आणि आतला भाग चिकट होतो. म्हणून निव्वळ चक्कीच्या आट्याऐवजी आम्ही 300 ग्रॅम मैदा आणि 150 ग्रॅम आटा घेतो. उरलेले 50 ग्रॅम पीठ आनेकलचे, म्हणजे नाचणीचे.

नाचणीत ग्लुटेन नसते. तिचे कोरडे पीठ अधिक मिसळले, तर जाळे तुटते. येथील घरांत नाचणी शिजवून मुद्दे करतात, आंबवून अंबली करतात. त्यावरूनच सुचले की ती आधी शिजवावी. 50 ग्रॅम नाचणीचे पीठ 150 मिलिलिटर पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळावे आणि पूर्ण गार करावे. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाव दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा वरचा लाभ.

या लगद्यात मैदा, आटा आणि सुमारे 225 मिलिलिटर पाणी मिसळून अर्धा तास झाकून ठेवावे. मग 2 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि 10 ग्रॅम मीठ घालावे. फार तिंबण्याची गरज नाही. ओल्या हाताने कणकेची एक कड उचलून मध्यावर दुमडावी, भांडे फिरवून चारही बाजूंनी तसेच करावे. अर्ध्या-अर्ध्या तासाने हे चार वेळा करावे. त्यानंतर भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. थंडाव्यात यीस्ट संथ चालते, आम्लांना आणि सुवासाला वेळ मिळतो, आट्यातील फायटिक आम्लही काही प्रमाणात घटते. सुमारे 900 मीटर उंचीवरील या पठारावर हिवाळ्यातील रात्री इतक्या गार असतात, की आम्ही डिसेंबरात कणीक ओट्यावरच झाकून ठेवतो.

सकाळी गोळ्याला ताणून आकार द्यावा आणि तासभर विसावू द्यावा. दरम्यान बिडाचे झाकणाचे पातेले ओव्हनमध्ये 230 ते 240 अंश सेल्सिअसवर 40 मिनिटे तापवावे. बंद पातेल्याचे कारण वाफ हे आहे. कणकेतून निघालेली वाफ आत कोंडली, की पृष्ठभाग लवकर सुकत नाही, पाव पूर्ण फुगतो आणि वरचा स्टार्च शिजून पातळ, चकचकीत थर धरतो. गोव्याच्या पोदेरांच्या बंद मातीच्या भट्टीत, एका वेळी शेकडो उंडे भाजताना, हेच घडते. उघड्या ओव्हनमधून वाफ निसटते आणि कवच जाड, निस्तेज होते. गोळ्यावर धारदार पात्याने एक चीर द्यावी, झाकण लावून 25 मिनिटे भाजावे, मग झाकण काढून आणखी 20 मिनिटे. नाचणीमुळे पाव मुळातच सावळा दिसतो, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे.

बाहेर काढलेला पाव जाळीवर ठेवला, की कवच आकसताना बारीक तडतड ऐकू येते. तासभर तरी कापू नये, आतला स्टार्च अजून स्थिरावत असतो. उरलेला पाव कापलेली बाजू खाली करून लाकडी पाटावर ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये. तेथे तो लवकर शिळा होतो.