'फेटलिंग' : एका शब्दाची कुळकथा

भोसरी-चाकणच्या ओतशाळांत 'माल फेटलिंगला गेला' हे वाक्य वारंवार कानी पडते. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. ते थिजले की साचा फोडून वस्तू बाहेर काढतात. तिला चिकटलेली वाळू, कडेचे पापुद्रे आणि रस जेथून आत शिरला तेथील खुंट छिन्नीने व ग्राइंडरने काढून टाकणे, म्हणजे फेटलिंग.

हा शब्द कारखान्यातच जन्मला, असे आपणांस वाटेल. वस्तुतः तो यंत्रयुगाहून कितीतरी जुना आहे. प्राचीन इंग्रजीत 'फेटेल' म्हणजे पट्टा, कमरबंद. त्यावरून सिद्ध होणे, नीटनेटके करणे हा अर्थ आला असावा, असे कोशकार मानतात. आपणही कामाला लागताना कंबर कसतोच की! उत्तर इंग्लंडच्या बोलीत मोडके दुरुस्त करण्यासही हाच शब्द लावतात. शिष्ट इंग्रजीत मात्र तो 'फाइन फेटल', म्हणजे ठणठणीत प्रकृती, एवढ्या वाक्प्रचारापुरताच उरला आहे.

येथे आमचे मन थबकते. फेटलिंगच्या धुळीत वाळूतील सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसांत साचली की सिलिकोसिस जडतो, आणि तो बरा होत नाही. म्हणून धूळ खेचून घेणारी यंत्रे व योग्य मुखपट्टी ही कामगारावर केलेली मेहेरबानी नव्हे. लोखंड नीट करणाराही ठणठणीत राहिला, तरच या शब्दाचे दोन्ही अर्थ आपण राखले, असे आम्ही म्हणू.