हिवाळ्याचे वीजबिल : हिशेब आणि जयणा

बीड जिल्ह्यात थंडी फार दिवस मुक्काम करीत नाही. तरीही मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने बालाघाटाच्या पठारावर, पाटोदा-आष्टीकडील माळरानावर आणि अंबाजोगाईच्या परिसरात ती चांगलीच जाणवते. पंखे आणि कूलर बंद झालेले असल्यामुळे वीजबिल निम्म्यावर येईल, अशी घरातल्या मंडळींची अपेक्षा असते. प्रत्यक्षात बिल हाती पडते तेव्हा उतार थोडाच दिसतो. कित्येक घरांत तर चढच दिसतो. दुकानाच्या खतावणीत पै-पैचा मेळ घालणाऱ्या कुटुंबांनाही ही वाढ कोठून झाली हे सांगता येत नाही, कारण विजेची रोजकीर्द कोणी लिहीत नाही.

ती लिहिली तर पहिली मोठी रक्कम आंघोळीच्या पाण्याच्या नावे पडते.

एका बादलीचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. पहाटे टाकीतील पाणी २० अंशांवर असेल आणि ते आंघोळीसाठी ४२ अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर २० लिटरच्या एका बादलीस अर्ध्या युनिटहून किंचित अधिक वीज लागते. पाच माणसांच्या घरात रोजची अडीच युनिटे आणि महिन्याची सुमारे ७७ युनिटे केवळ स्नानास लागतात. गीझर दिवसभर चालू ठेवला तर साठवलेले पाणी निवते आणि पुन्हा तापते. तो खर्च निराळा.

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांस प्रतियुनिट ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांस १० रुपये २९ पैसे असा वीज आकार होता. शिवाय प्रतियुनिट १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. दर पुढे बदलले, परंतु चढत्या टप्प्यांची रचना कायम आहे. ज्या घराचा इतर वापर १५० युनिटांचा आहे, तेथे स्नानाची ७७ युनिटे सर्वच्या सर्व दुसऱ्या टप्प्यात पडतात आणि वरील दराने त्यांचे १,०२० रुपयांहून अधिक होतात. हीच युनिटे पहिल्या टप्प्यात बसली असती, तर साधारण ५२५ रुपयांत काम भागले असते.

व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे ते एवढेच की, वाचलेले युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून वाचते. म्हणून १५ युनिटांची काटकसरही क्षुल्लक नसते. पंचवीस लिटरच्या गीझरचा तापमान-नियंत्रक ५० ते ५५ अंशांवर ठेवणे, आंघोळी एकापाठोपाठ एक उरकणे आणि शेवटच्या व्यक्तीच्या आधीच बटण बंद करणे, एवढ्याने हे साधते. या भागातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्याचा क्षार कॉइलवर साचला की पाणी तापण्यास वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते. थंडीपूर्वी एकदा गीझर उघडून साफ करून घेणे हिताचे.

पुढे दुकान, मागे घर

जुन्या पेठांतून पुढे दुकान आणि मागे किंवा वर राहणे ही रचना अद्याप आहे. दुकानाचा व्यापारी दर घरगुतीपेक्षा वेगळा असतो. दुकानाच्या मीटरवर घराचा गीझर चालविल्यास घरगुती कमी टप्प्याचा लाभ बुडतो. उलट, घरगुती जोडणीवर दुकान चालविणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. दोन्ही मीटर स्वतंत्र आणि त्यांच्या तारा स्वतंत्र आहेत ना, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.

उकाळलेले पाणी

आपल्या घरांत गरम पाण्याचा आणखी एक खर्च असतो, जो इतरांच्या घरी नसतो. श्वेतांबर परंपरेत उकाळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार प्रहर आणि पावसाळ्यात तीन प्रहर मानली जाते. हिवाळ्यात सकाळी उकाळलेले पाणी म्हणजे बारा तास चालते. पौष दशमीचा अठ्ठम करणारे तपस्वी घरात असतील, तर या पाण्याची सोय सांभाळणे हे गृहिणीचे मोठे काम असते.

बारा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीस आणण्यास विजेची सव्वा युनिटाच्या आत-बाहेर खपत होते. गॅसवर हेच काम सुमारे १४० ग्रॅम गॅसमध्ये होते, म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर या एकाच कामास शंभर दिवस पुरावे. ते पुरत नसेल तर भांड्यावर झाकण नसते, ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाते, किंवा गरजेपेक्षा जास्त पाणी उकाळले जाते. रात्री उरलेले पाच लिटर पाणी परठवावे लागते तेव्हा गॅसही वाया जातो आणि अप्काय-तेउकायाची विराधनाही निष्कारण होते. घरात कोण किती पाणी पिणार याचा अंदाज सकाळीच घेणे, ही जयणाच आहे.

जिवाची काळजी आधी

बिल वाचविण्यासाठी पुष्कळ कुटुंबे गॅस गीझरकडे वळतात. तो स्वस्त पडतो हे खरे. पण बंद स्नानगृहात त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूस रंग नाही, वास नाही. माणूस कळण्याआधीच बेशुद्ध होतो. गॅस गीझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचा धोकाही हाच. बादलीत सोडायचा हीटरचा रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून ऊन पाहण्याची सवय तर तात्काळ सोडावी. घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच बसविण्याचा खर्च कोणत्याही बचतीपेक्षा आधीचा.

छपरावरचे ऊन

मराठवाड्यातील हिवाळ्याचे आकाश बहुतेक निरभ्र असते. स्नानापुरती सोय हवी असल्यास शंभर लिटरचा सौर बंब चार-पाच माणसांना पुरतो. मात्र जड पाण्यासाठी योग्य प्रकार निवडावा. वीजनिर्मितीसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली' योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये, म्हणजे कमाल ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे देतो.

कर्ज काढण्यापूर्वी मागील बारा बिले समोर ठेवावीत. ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांची गुंतवणूक वसूल होण्यास फार वर्षे लागतील. तीनशेच्या पुढे जाणाऱ्या एकत्र कुटुंबास तीन किलोवॅटचा संच निश्चित परवडतो. जुन्या वाड्याचे छत भावाभावांच्या सामाईक मालकीचे असेल, तर सर्वांची लेखी संमती आणि बचतीची वाटणी आधीच ठरवावी. उन्हावरून भाऊबंदकी होऊ नये.

बटण आणि व्रत

बीड जिल्ह्यास विजेची किंमत नव्याने सांगण्याची गरज नाही. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले. बटणामागे कोळसा आहे आणि पाणीही आहे, हे या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंड विरमण व्रत हेच सांगते : प्रयोजनाशिवाय हिंसा नको. रोज चौदा नियम धारणारे श्रावक स्नानाची आणि तेउकायाची मर्यादाही ठरवितात. रिकाम्या खोलीतील दिवा, वाहून जाणारी टाकी आणि तासभर निष्कारण चालणारी मोटार हा सरळ अनर्थदंड आहे.

मात्र मर्यादा स्वतःवर घालायची असते. घरात बचतीचा विषय निघाला की त्याचा भार पुष्कळदा न बोलणाऱ्यावर पडतो. सांधे धरलेली आजी 'मला चालते' म्हणून कोमट पाण्यावर भागविते; पहाटे सर्वांआधी उठणारी सून गार पाण्यात भांडी घासते; आणि धाकट्याचा शॉवर अर्धा तास चालू असतो. अशी बचत बिलात दिसेल, पण ती काटकसर नव्हे. घरातील कर्त्या पुरुषाने आपल्या बादलीपासून आरंभ करावा.

या पौषात एक वही मीटरजवळ टांगावी. रोज एकाच वेळी आकडा लिहावा आणि त्यापुढे त्या दिवशी गीझर, मोटार, इस्त्री किती वेळ चालली हे नोंदवावे. महिनाअखेर बेरीज करताना कोठे कात्री लावायची ते घरातील सर्वांना एकत्र बसून ठरविता येईल. आजीची बादली त्या यादीत नसावी.