मोटारीचें इंजिन तापणें : निदान व उपाय

उन्हानें बैल धापा टाकूं लागला म्हणजे कोणताहि शहाणा शेतकरी त्यास तसाच पुढें हांकीत नाहीं. जूं सोडून सावलींत उभा करितो. हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं मोटारहि उभी असते. परंतु बैलाच्या बाबतींत आपण जो विवेक दाखवितों, तो मोटारीच्या बाबतींत बहुधा दाखवीत नाहीं.

हा दोष आमच्याहि हातून घडला आहे. एका वैशाखांत चिपळूणाहून कऱ्हाडाकडे येत असतां कुंभार्ली घाटांत आमच्या गाडीचा उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या खुणेस भिडला. माथा जवळच आहे, तेथें थांबूं, असें म्हणून आम्ही गाडी तशीच चढविली. माथा येण्यापूर्वींच इंजिन बंद पडलें. तपासाअंतीं दोष निघाला तो इतकाच कीं, एका रबरी नळीची क्लिप ढिली होऊन पाणी गळून गेलें होतें. क्लिप थोड्या रुपयांची. परंतु न थांबल्यामुळें सिलिंडरचें हेड वांकलें, आणि दुरुस्तीस एका चांगल्या बैलाची किंमत मोजावी लागली. वाचकांवर हा प्रसंग येऊं नये, म्हणून या विषयाची माहिती येथें देत आहों.

इंजिनांत जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेचा सुमारें एक-तृतीयांश भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर व पाण्यावाटें बाहेर टाकावी लागते. हें पाणी पंपाच्या जोरानें इंजिनाच्या पोकळींतून फिरतें, तेथून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन वाऱ्यानें निवतें, आणि पुन्हां इंजिनांत जातें. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. पाणी सुमारें ८० ते ९० अंश सेंटिग्रेड तापलें म्हणजे ती उघडते. समुद्रसपाटीस उघडें पाणी १०० अंशांवर उकळतें. परंतु रेडिएटरचें झांकण आंतील दाब राखीत असल्यामुळें तेंच पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. यास्तव तापलेलें झांकण कधींहि उघडूं नये. दाब सुटतांच आंतील पाणी एकदम उकळून तोंडावर व हातांवर उसळतें आणि भयंकर भाजतें.

कांटा चढूं लागतांच प्रथम गाडींतील वातानुकूलन बंद करावें व हीटर पूर्ण सोडावा. त्या वाटेनें इंजिनाची कांहीं उष्णता निघून जाते. तरीहि कांटा न उतरल्यास, किंवा वाफ दिसल्यास, गाडी कडेस घेऊन इंजिन बंद करावें व निदान अर्धा तास थांबावें. इंजिन व नळ्या पुरत्या निवल्यावरच झांकणावर जाड फडकें ठेवून तें हळूहळू फिरवावें. तापल्या इंजिनांत गार पाणी एकदम ओतूं नये. तापलेल्या कांचेच्या पेल्याप्रमाणें त्यासहि तडा जाण्याचें भय असतें.

यानंतर निदान. गाडी केव्हां तापते हें नीट पाहिल्यास निम्में निदान झालें असें समजावें. उभी असतां अथवा बाजारच्या गर्दींत तापते, परंतु रस्त्यावर धांवूं लागतांच निवते, तर पंख्यावर संशय घ्यावा. वातानुकूलन सुरू केल्यास बहुतेक गाड्यांचा पंखा फिरूं लागतो; न फिरल्यास फ्यूज, रिले व पंख्याची मोटर तपासावी. जुन्या जीपगाड्यांत व ट्रॅक्टरांत पंखा पट्ट्यावर चालतो. तो पट्टा ढिला अगर चिरलेला नसावा.

उलट, हळू चालतांना ठीक राहून वेगानें जातांना वा चढावर तापते, तर पाणी कमी आहे किंवा रेडिएटर बुजला आहे, असें समजावें. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत धूळ, गवताचें बीं व किडे अडकतात. इंजिन थंड असतां आंतल्या बाजूनें बाहेर, बेताच्या धारेनें ते धुवावें. जोराच्या धारेनें पत्रे वांकतात.

इंजिन सुरू केल्यापासून थोड्याच वेळांत तापलें, आणि रेडिएटरच्या दोन मोठ्या नळ्यांपैकीं एक थंडच राहिली, तर बहुधा थर्मोस्टॅट मिटलेला राहिला असावा. तो काढून भांड्यांतील पाण्यांत बुडवावा व पाणी तापवावें. उकळी येईपर्यंतहि न उघडल्यास नवा बसवावा. कांहीं मिस्त्री तो काढूनच टाकतात. तसें करूं देऊं नये. त्यानें इंजिन योग्य उष्णतेस येत नाहीं व तेल अधिक जळतें.

पाणी वरचेवर कमी होतें, पण गळती कोठें दिसत नाहीं. धुराड्यांतून पांढरा धूर सतत येतो. किंवा इंजिनाचें तेल ताकासारखें पांढुरकें दिसतें: अशा वेळीं हेडचें गॅस्केट फुटल्याचा दाट संभव असतो. मग गाडी न चालवितां ओढून न्यावी.

शेवटीं पाण्याविषयीं. आपल्या विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं क्षारयुक्त असतें. पाणी तापविण्याच्या बंबास आंतून जो पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरून त्या बुजवितो. अडचणींत कोणतेंहि स्वच्छ पाणी घालण्यास हरकत नाहीं. परंतु घरीं येतांच तें काढून, गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें कूलंट भरावें. तें पाण्यांत मिसळावयाचें असल्यास बॅटरींत घालतात तसलें शुद्ध पाणी घ्यावें. कूलंटमुळें गंज व क्षार धरत नाहींत, आणि उकळण्याची मर्यादाहि वाढते. पुस्तिकेंत दिलेल्या मुदतीस तें बदलावें.

दर आठवड्यास, सकाळीं गाडी थंड असतां, पाण्याची पातळी, नळ्या, क्लिपा व पट्टा पाहून घ्यावा. या कामास पांच मिनिटें पुरतात. आणि कांटा चढलाच, तर माथा कितीहि जवळ दिसो, गाडी तेथेंच थांबवावी.