टाकी धुतली, नवे मासे आणले, तेही मेले! फिश टँक निर्जंतुक करताना चूक नेमकी कुठे होते?

सकाळी उठून बघावं तर गोल्डफिश आडवा तरंगतोय. दोन दिवसांत बाकीचेही जातात. मग टाकी अंगणात येते, भांड्याच्या साबणाने खसाखसा घासली जाते. रविवारी पुण्याहून नवे मासे येतात आणि पुढच्या रविवारपर्यंत तेही तरंगायला लागतात. शिरूर असो की दौंड, हौसेने फिश टँक ठेवणाऱ्या बऱ्याच घरांत हे असंच घडतं. शिव्या दुकानदाराला बसतात. कधी कधी चूक त्याचीही असते, पण बऱ्याचदा दुसऱ्या खेपेचे मासे टाकी धुण्याच्या पद्धतीमुळेच मरतात.

मासे खरंच रोगाने गेले का?

आधी हे ठरवायला हवं. गावच्या नळाला येणाऱ्या पाण्यात टीसीएल पावडर मिसळलेली असते. त्यातला क्लोरीन आपल्याला चालतो, माशांचे कल्ले मात्र जाळतो. दुसरं कारण म्हणजे लाईट. चार-सहा तास लोडशेडिंग झालं की पंप बंद, पाण्यातला ऑक्सिजन कमी आणि फिल्टरमध्ये साचलेली घाण कुजायला लागते. लाईट आल्यावर तेच पाणी टाकीत फेकलं जातं. मासे असे मेले असतील, तर टाकी निर्जंतुक करून काहीच मिळणार नाही.

अंगावर जखमा, कापसासारखी बुरशी, फुगलेलं पोट, खाऊनही खंगत जाणं अशी लक्षणं दिसली असतील तर मात्र निर्जंतुकीकरण हवंच.

मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके हा सगळ्यात जास्त दिसणारा रोग. त्याचा परजीवी माशाशिवाय फार काळ जगत नाही. आपल्याकडच्या उबदार पाण्यात त्याची पोहणारी पिल्लं मासा सापडला नाही तर साधारण दोन दिवसांत मरतात. त्यामुळे इथे टाकी, जाळी, दगड कोरडेठाक करून आठवडाभर वाळवले तरी काम होतं. एप्रिल-मेचं ऊन त्यासाठी फुकटचं औषध आहे. फक्त तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

ब्लीच किती आणि कसं?

सगळ्यात आधी प्लग काढा, टाकी रिकामी करा आणि घासून स्वच्छ करा. शेवाळ, विष्ठा तशीच राहिली तर ब्लीच त्यांच्यावरच खर्च होतं आणि जंतू खाली सुरक्षित राहतात. साबण नकोच, त्याचा अंश सहज जात नाही आणि माशांना बाधतो.

कपड्यांसाठी मिळणाऱ्या लिक्विड ब्लीचमध्ये साधारण 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. बिनवासाचं घ्या. लिटरभर पाण्याला 10 मिली पुरतं. दोन फुटी टाकीत साधारण 50 लिटर पाणी मावतं, म्हणजे अर्धा लिटर ब्लीच. त्यात जाळी, पाइप, प्लास्टिकची झाडं बुडवा आणि तासभर फिल्टरचा पंप चालू ठेवा, म्हणजे नळ्यांच्या आतूनही पाणी फिरतं. बाटली वर्षभर पडून असेल तर तिचा जोर उतरलेला असतो, नवी आणा. टीसीएल पावडर इथे टाळलेली बरी, तिचा चुना तळाशी बसतो.

स्पंज आणि एअर स्टोन सरळ फेकून द्या. काही रुपयांच्या वस्तूसाठी नवे मासे पणाला लावू नयेत. लाकूडही ब्लीच शोषून घेतं, ते उकळून काढा.

ही चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते

शिरूर-दौंड पट्ट्यात अनेकांकडे बोअरचं पाणी आहे आणि ते जड असतं. काचेवर पांढरा थर बसतो. तो काढायला कुणी व्हिनेगर वापरतं, कुणी चक्क संडास साफ करायचं ॲसिड. त्यावरच ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. म्हणून क्षार काढायचं काम वेगळ्या दिवशी, व्हिनेगर किंवा लिंबाने करा. नंतर टाकी भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचचं काम नेहमी उघड्यावर, हातमोजे घालूनच करा.

हातमोज्यांना आणखी एक कारण आहे. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू टाकीतल्या पाण्यातून हातावरच्या जखमेत शिरतो आणि आठवडे-महिने न बरी होणारी गाठ किंवा व्रण करतो. या गटातले जिवाणू ब्लीचला सहज दाद देत नाहीत. मासे खंगून मेले असतील तर ब्लीचनंतर टाकी आणि सामान वाळवून 70 टक्के अल्कोहोलने पुसावं, तेही आगीपासून लांब. हाताची जखम बरी होत नसेल तर डॉक्टरांना फिश टँकबद्दल आवर्जून सांगा. एरवी तो विषय निघतच नाही.

धुतल्यानंतरचा महिना

तीन-चार वेळा खळखळून धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा. मग पाणी भरून दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन टाका. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ब्लीचचा वास येत असेल तर पुन्हा धुवा.

मासे मात्र लगेच नकोत. ब्लीचने रोगाच्या जंतूंसोबत कामाचे जिवाणूही मारलेले असतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट हे जिवाणूच करतात. त्यांची वसाहत पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चकचकीत टाकीत एकदम दहा मासे सोडले की ते अमोनियाने मरतात. दोन-तीन दणकट मासे, खाणं कमी आणि आठवड्यातून दोनदा थोडं पाणी बदलणं, हा सोपा मार्ग. ओळखीच्या कुणाची निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणा, वेळ वाचतो. नव्या माशांच्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका आणि उसनी जाळीही वापरू नका.

टाकीतलं पाणी ओतायचं कुठे?

रोगट माशांचं पाणी ओढ्यात नको. शिरूरची घोड नदी पुढे भीमेला मिळते. दौंड तर भीमेच्याच काठावर आहे आणि भीमा जाते उजनीत. माशांच्या अंगावर व्रण पाडणारा ईयूएस हा रोग 1988 मध्ये भारतात आला. तो मरळीसारख्या नदीतल्या माशांना होतो आणि टाकीतल्या गौरामीलाही. त्यामुळे असं पाणी आधी ब्लीच टाकून तासभर ठेवा, मग अँटी-क्लोरीन घालून मोरीत सोडा. मेलेले मासे खोल पुरा.

जिवंत पण नकोसे झालेले मासेही नदीत सोडू नयेत. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून घराघरांत आणला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत सोडतात. आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडतो. खवल्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.