पडद्यापुढचे नगर

हॉकी म्हणताच मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान उभे राहील. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचीच. २८ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकूव्हर येथे ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सिडनी क्रॉस्बीने जादा वेळात गोल केला आणि कॅनडाने अमेरिकेवर ३-२ असा विजय मिळविला. हजारो नागरिक रस्त्यावर आले. अनोळखी माणसे परस्परांना आलिंगन देत राष्ट्रगीत गाऊ लागली. घरी एकट्याने पाहिलेला खेळ हा खेळच राहतो. चौकात शेजाऱ्याचा रोखलेला श्वासही आपला होतो.

परंतु ही एकात्मता मोठी नाजूक. १५ जून २०११ रोजी स्टॅन्ली चषकाच्या निर्णायक सातव्या सामन्यात बॉस्टनने व्हँकूव्हरच्या संघाला ४-० असे नमविले. त्या सायंकाळी नगराच्या मध्यभागी, जॉर्जिया रस्त्यावरील भव्य पडद्यांच्या परिसरात, लाखाहून अधिक लोक जमले होते. त्यांपैकी काहींनी मोटारी पेटविल्या, दुकाने लुटली. पराभव हे केवळ निमित्त. गर्दीत चेहरा लपतो, हे खरे कारण. बहुसंख्य लोक निव्वळ खेळ पाहावयास आले होते, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो नागरिक झाडू घेऊन त्याच रस्त्यावर हजर झाले. फुटलेल्या काचांच्या जागी ठोकलेल्या फळ्यांवर त्यांनी आपल्या नगराची क्षमा मागितली. त्या फळ्या पुढे जपून ठेवण्यात आल्या.